प्रचितीचा रकाना

“चौदा मे,” अप्पा ढोबळे म्हणाले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “चौदा मेला तुझंच लग्न आहे ना रे, विश्राम?”

मी हो म्हटलं. तिथंच मी फसलो.

“मुहूर्त कधीचा?”

“गोरज आहे. सहा पस्तीस.”

“आणि मांडव?”

“माळगे घालतायत. आपल्या वाचनालयाच्या पटांगणातच. तुम्हीच परवानगी दिलीत की, अप्पा.”

अप्पांनी टेबलावरच्या हवामानाच्या दोन पुस्तकांवर एकेक तळहात ठेवला. “मग मांडव नको,” ते म्हणाले. “या लग्नातच दोन्ही पुस्तकांची प्रचिती घेऊन टाकू.”

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तेव्हा कासारगावच्या सार्वजनिक वाचनालयात हंगामी ग्रंथपाल होतो. हंगामी म्हणजे चार वर्षं हंगामीच. मला कायम करायचं की नाही हे पुस्तक निवड समितीच्या हातात होतं, कारण गावात दुसरी कसलीच समिती शिल्लक नव्हती. समितीत तिघं. अध्यक्ष अप्पा ढोबळे, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. गावातला प्रत्येक बांध त्यांनी एकदा तरी मोजला होता आणि प्रत्येक माणसालाही ते त्याच नजरेनं बघत. दुसरे डॉक्टर हुलवान, गुरांचे. तिसरे माळगे, मंडपवाले.

आमच्या वाचनालयाला एक नियम होता. संस्थापकांनी तो भिंतीवर तैलरंगात लिहून ठेवला होता: ‘प्रचितीवाचून ग्रंथ घेऊ नये.’ बिचाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण समितीनं तो नियम शब्दशः पाळला. पाकशास्त्राचं पुस्तक आलं, की त्यातले तीन पदार्थ करून समितीनं खायचे, मग पुस्तक घ्यायचं. मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकापायी वाचनालय आठवडाभर बंद होतं. पोहायला शिकवणारं पुस्तक घेऊन डॉक्टर हुलवान सावंतांच्या विहिरीत उतरले. त्यांना कासऱ्यानं वर काढलं आणि पुस्तक नापास झालं. संमोहनाच्या पुस्तकानं माळगे झोपले खरे, पण माळगे एरवीही बैठकीत झोपत, म्हणून तो निकाल राखून ठेवला. कादंबरीची प्रचिती म्हणजे अप्पांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. दाखलनोंद वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, पानं आणि शेवटी ‘प्रचिती’ असा रकाना होता. तो भरल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नसे.

आता हवामानाचं पुस्तक कशाला, तर आदल्या साली वावटळीत माळग्यांचा एक मांडव उडाला आणि दोन मैलांवर शेजारच्या गावच्या शाळेवर जाऊन बसला. तिथल्या हेडमास्तरांनी तो परत द्यायला नकार दिला. मुलांना सावली झाली म्हणाले. त्यानंतर वाचकांच्या मागणी वहीत अकरा जणांनी लिहिलं, ‘हवामानावर सोपं, चांगलं, सगळ्यांना कळेल असं एक पुस्तक घ्यावं.’ त्या अकरांपैकी चौघांचं अक्षर माळग्यांचं होतं.

कोल्हापूरच्या दुकानदारानं पसंतीसाठी तीन पुस्तकं पाठवली. एक चांगलं विटेएवढं जाड, पन्नास वर्षांच्या पावसाचे तक्ते असलेलं. ते अप्पांनी छातीशी धरलं. दुसरं हिरव्या वेष्टनाचं, मुंग्या, कावळे, बेडूक आणि गायीगुरं पाऊस कसा ओळखतात ते सांगणारं. ते डॉक्टरांनी उचललं. तिसरं पातळसं, निळं. त्याच्या मुखपृष्ठावर एकच ढग होता.

अप्पांनी निळ्या पुस्तकाचं पहिलं पान मोठ्यानं वाचलं. “‘उद्या तुमच्या गावात पाऊस पडेल का, हे या पुस्तकात सापडणार नाही. ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. आभाळाकडे बघायचं कसं, एवढंच इथं सांगितलं आहे.’” त्यांनी पुस्तक मिटलं. “मग छापलं कशाला?”

“मानूस खरं बोलतोय पन,” माळगे म्हणाले.

“खरं बोलायला पुस्तक कशाला लागतं? ज्याला माहीत नाही त्यानं गप्प बसावं.”

“आभाळाकडं बघायला काय शिकायचंय?” डॉक्टर म्हणाले. “मान वर केली की झालं.” आणि त्यांनी चहाचा कप निळ्या पुस्तकावर ठेवला.

मी ते पुस्तक वाचलं होतं. दुपारी वाचनालयात चिटपाखरू नसायचं तेव्हा दोनदा वाचलं होतं. इतकं साधं आणि इतकं शहाणं पुस्तक माझ्या हातात फार दिवसांत आलं नव्हतं. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. माझा स्वभावच तसा. समोरच्याचा आवाज जरा चढला की मला आपलं मत आठवेनासं व्हायचं.

कपाची गोल खूण उमटलेलं पुस्तक दुकानदार परत घेईना. मग मीच ते ठेवून घेतलं आणि पाडळीला शालनला पाठवलं.

शालन म्हणजे माझी होणारी बायको. तिला मी एकदाच पाहिलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात काहीतरी विचारायचं म्हणून मी म्हटलं होतं, “वाचनाची आवड आहे का?” त्यावर खाली मान घालून ती म्हणाली होती, “पुस्तक बघून सांगेन.” तिचे वडील बळवंतअण्णा, पाडळीचे सोनार. माणूस अबोल, पण बोलला की तोळ्या-माशानं मोजून. पुस्तकाबरोबर मी चार ओळी लिहिल्या. समितीनं हे पुस्तक नाकारलं तरी मला आवडलं, असं लिहिलं, आणि गंमत म्हणून भिंतीवरचा नियमही कळवला. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं: ‘पुस्तक मिळाले. पान तेवीसवरचा ढग आवडला. तुमच्या वाचनालयाचा नियमही आवडला.’ बस, एवढंच. मी ते कार्ड खिशात घालून गावभर हिंडलो.

तर उरलेल्या दोन पुस्तकांची प्रचिती. अप्पांच्या तक्त्यांप्रमाणे चौदा मेला कासारगावात पावसाचा थेंब पडणं शक्य नव्हतं. पन्नास वर्षांत पडला नव्हता. डॉक्टरांच्या मुंग्यांनीही तोंडात अंडी धरलेली नव्हती, म्हणजे कोरडंच. वाचनालयाच्या इतिहासात समितीतल्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि त्याचा आनंद अप्पांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

“पण अप्पा, मांडव असला तर काय बिघडलं?” मी विचारलं.

“डोक्यावर छत घातलं की प्रचिती कसली? भर विहिरीत उतरायचं आणि कमरेला डबा बांधायचा, त्यातली गत.”

“माझ्या लग्नाच्या दिवशीच कशाला पण?”

“एरवी कोरडं राहिलं तर बघायला कोण येतंय? तिथं चारशे साक्षीदार असतील.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि जूनच्या बैठकीत तुझ्या कायम होण्याचा विषय घेतोच आहे मी.”

मी माळग्यांकडे बघितलं. त्यांचं कापड नवं होतं आणि ते वाचणार होतं. “उघड्यावर वारं लागंल, पाव्हनं खूष हुतील,” ते म्हणाले.

मी चार केळीचे खांब तेवढे आणायला सांगितले.

चौदा मेला दुपारी चारला पाडळीचं वऱ्हाड आलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं, आणि पुढं बैलगाडीत शालन, तिची आई, मामा आणि बळवंतअण्णा. अण्णा खाली उतरले, पटांगणात आले आणि मान वर करून उभे राहिले. चार केळीचे खांब, बाजूला कनाती, आणि वर नुसतं आभाळ.

“मांडव कुठाय?”

अप्पा पुढं झाले आणि त्यांनी पन्नास वर्षांचे तक्ते, मुंग्या, संस्थापक, सगळं समजावून सांगितलं. मागे डॉक्टर हुलवान कनातीच्या कोपऱ्यात उकिडवे बसून मुंग्यांच्या वारुळाभोवती खडूनं रिंगण आखत होते, पाहुण्यांचा पाय पडू नये म्हणून. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेतलं.

“विश्रामराव, ही माणसं शुद्धीत आहेत का?”

“चांगली आहेत हो मनानं.”

“मन नाही विचारलं मी.” अण्णांनी बैलगाडीकडे बोट केलं. “एकुलती एक लेक आहे माझी. आज तिच्या लग्नाला गालबोट लागलं, तर आली त्या गाडीत बसवून परत नेईन. मग गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.”

हे ते नुसतं बोलले नाहीत. बैलगाडी वाचनालयाच्या फाटकाशी उभी होती आणि बैल जुंपलेलेच होते. दोनदा आमच्यातला कोणीतरी बैल सोडायला गेला, दोनदा गाडीवानानं हाकलून लावलं. “अण्णांनी सांगितलंय, जू उतरायचं न्हाई.” बैलांना तिथंच पाणी पाजलं, तिथंच कडबा टाकला. हळद लागलेल्या अंगानं मी खिडकीतून त्या बैलांकडे बघत होतो. शालनवर माझा जीव बसला होता. एकदा पाहिलेल्या मुलीवर बसतो तेवढा नव्हे. त्या पोस्टकार्डानं बसवला होता तेवढा.

सहानंतर आम्ही पाटावर उभे राहिलो. पान हलत नव्हतं. मी पश्चिमेकडे तोंड करून, ती पूर्वेकडे, मध्ये अंतरपाट. माझ्या पुढ्यात मावळतीचं आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. शेजारीच टेबल टाकून अप्पा जाड पुस्तक उघडून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी माळग्यांना ‘थेंब नाही’ असं लिहून घ्यायला सांगत होते.

भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसऱ्यासाठी त्यांनी श्वास घेतला, तोच अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला.

“भटजी, जरा थांबा.”

नवरी बोलली! बायकांच्या घोळक्यातून नुसता ‘अगंबाई’ उमटला. सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली.

“पूर्वेला बघा,” शालन म्हणाली. “त्या ढगाचं डोकं ऐरणीसारखं पसरलंय. आता गार वारा सुटेल आणि मागून गारा येतील. सगळ्यांनी आत वाचनालयात चला.”

चारशे माना पूर्वेकडे वळल्या. ऐरण म्हटल्यावर बळवंतअण्णांचीही वळली. मला काही दिसत नव्हतं. नवरदेवानं मागं वळून बघायचं नसतं, असं कोणीतरी माझ्या खांद्यावर हात दाबून सांगत होतं.

“तो तर पांढराशुभ्र ढग आहे!” अप्पा उभे राहिले. “पांढऱ्यातून कधी पाऊस पडतो का? डॉक्टर, मुंग्या काय म्हणतात?”

“एकीच्याही तोंडात अंडं नाही,” कोपऱ्यातून डॉक्टर ओरडले.

“ऐकलंस, पोरी? लग्नात नवरी बोलत नसते. भटजी, चालू करा.”

“मी नाही पडू देणार इथं अक्षता,” अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. “आत चला.”

“विश्राम!” अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. “तू जागचा हललास तर प्रचिती मोडली. आणि मग जूनच्या बैठकीचं मी काही सांगत नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी आई रडवेली झाली होती. बळवंतअण्णा फाटकाकडे बघत होते, जुंपलेल्या बैलांकडे. “जावईबापू,” ते म्हणाले, “काय ते तुम्ही ठरवा.”

माझ्या समोर आभाळ स्वच्छ होतं आणि मधे नुसतं एक कापड होतं. आजवर समितीपुढं मी जी जी मतं गिळली होती, ती सगळी एकदम वर आल्यासारखं झालं.

“ती म्हणते ना,” मी म्हटलं, “मग आत चला.”

आता अडचण अशी, की अंतरपाट धरलेला होता आणि मुहूर्ताआधी तो बाजूला करता येत नव्हता. भटजी म्हणाले, धरून चला. मग माझा मावसभाऊ आणि तिचे मामा दोन टोकं धरून चालले, अलीकडून मी, पलीकडून ती, दोघंही खेकड्यासारखी आडवी चालत. भटजी मागून तिसरं मंगलाष्टक म्हणत होते. वाचनालयाच्या दारातून अंतरपाट आडवा जाईना, म्हणून तो तिरका केला, तर मामा अडकले. मागून चारशे माणसं रेटत होती. कशीबशी आम्ही ‘आरोग्य’ आणि ‘पाकशास्त्र’ या दोन कपाटांच्या मधे पोचलो.

आणि गार वारा आला. कनात फाडकन उडाली. सहा पस्तीसला भटजींनी ‘सावधान’ म्हणायला तोंड उघडलं आणि पत्र्यावर पहिली गार आदळली. मग दहा मिनिटं कोणाला काही ऐकू आलं नाही. भटजींचे नुसते ओठ हलत होते. अंतरपाट खाली आला, आम्ही माळा घातल्या, लोकांनी अक्षता टाकल्या. त्या अक्षता पुढं कितीतरी वर्षं पाकशास्त्राच्या पुस्तकांमागं सापडत होत्या.

माळ घातल्यावर शालननं वडिलांकडे मान वळवली आणि त्या गदारोळात ओरडून सांगितलं, “अण्णा, बैल सोडा आता!”

अण्णा स्वतः डोक्यावर पाट धरून धावले. मला तिचं कौतुक वाटलं. अशा घाईतही मुक्या जनावरांची काळजी तिलाच होती.

अप्पा मात्र आत आले नव्हते. समितीचा एक तरी सदस्य उघड्यावर हवा, असं म्हणून ते टेबलाशी बसून राहिले होते. आम्ही दारातून हाका मारत होतो आणि ते जाड पुस्तक डोक्यावर धरून तक्ता क्रमांक नऊ आठवत होते. शेवटी डॉक्टर आणि माळगे गेले आणि त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं.

“जाड पुस्तकाचा उपेग झाला बघा,” माळगे म्हणाले. “पातळ असतं तर टाळकंच फुटलं असतं.”

तरी कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलंच होतं. पण अप्पा मोठा माणूस, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ओल्या हातानं दाखलनोंद वही मागवली आणि तिथंच, वधूवरांसमोर, रकाना भरला. जाड पुस्तकापुढं लिहिलं, ‘प्रचिती आली नाही; अंशतः आडोसा.’ हिरव्यापुढं, ‘मुंग्यांनाही कल्पना नव्हती.’ मग, ऐरणीचा ढग निळ्या पुस्तकातला असं शालननं सांगितल्यावर, निळ्याची ओळ काढली आणि लिहिलं, ‘प्रचिती आली.’

“हे पुस्तक घेतलंच पाहिजे,” ते म्हणाले. “कुठाय ते?”

“माझं आहे ते,” शालन म्हणाली. “वाचायला देईन. सात दिवसांनी परत करायचं.”

जूनच्या बैठकीत मला कायम केलं. ठरावात कारण लिहिलं होतं, ‘सदर ग्रंथ ग्रंथपालाच्या घरी असल्याने.’

याला आता चाळीस वर्षं होत आली. अप्पा गेले, डॉक्टर गेले. मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. निळं पुस्तक मात्र आहे. लोकांनी नेऊन नेऊन त्याची पानं सुटली होती. गेल्या वैशाखात मी ते शिवायला घेतलं आणि शिवता शिवता तेविसावं पान पुन्हा वाचलं. चहाच्या कपाची खूण मुखपृष्ठावरून झिरपत तिथवर पोचली होती. ऐरणीसारख्या ढगाचं चित्र, आणि खाली, मी तरुणपणी दोनदा वाचूनही विसरलेलं वाक्य: ‘असा ढग दिसला म्हणजे तो आपल्याकडे येईलच असं नाही. बरेचदा तो दूरच्या दूर विरून जातो.’

शालन ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

“अगं,” मी म्हटलं, “इथं तर लिहिलंय, येईलच असं नाही.”

“मग? माहीत आहे मला.”

“मग तू इतक्या खात्रीनं कसं सांगितलंस, गारा पडणार म्हणून?”

“खात्री कुणाला होती? नुसता घाम फुटला होता मला.” तिनं टरफलं सुपात सारली. “पुस्तक खरं की खोटं, ते मला बघायचंच नव्हतं. तुमचे ते अप्पा एका बाजूला, नोकरी एका बाजूला, आणि एकदाच बघितलेली मुलगी एका बाजूला. तुम्ही कुणाचं ऐकता, ते बघायचं होतं. तुम्हीच लिहिलं होतंत ना, प्रचितीवाचून घ्यायचं नाही म्हणून? आमच्या घरात कस लावल्याशिवाय गुंजभर सोनं घेतलं नाही कुणी. नवरा तसाच घ्यायचा?”

मी सुईत दोरा ओवायचं विसरून बसलो. चाळीस वर्षं मी त्या गारांचे उपकार मानत होतो.

“आणि मी हललो नसतो तर?”

“तर काय?” शालन म्हणाली. “बैल जुंपलेले ठेवा, असं अण्णांना मीच सांगितलं होतं. म्हणून तर माळ घातल्यावर म्हटलं, सोडा आता.”